नकाशाचे स्थानांतर

आलेखकागदावर एक त्रिकोण काढावा. आरंभबिंदूपासून उजवीकडे मोजलेले अंतर आधी आणि वर मोजलेले अंतर नंतर लिहिण्याच्या प्रघाताप्रमाणे त्याचे शिरोबिंदू (१, १), (४, १) आणि (१, ३) या ठिकाणी असावेत. आता प्रत्येक बिंदूच्या पहिल्या अंकात पाच आणि दुसऱ्या अंकात दोन मिळवावेत. (६, ३), (९, ३) आणि (६, ५) असे तीन नवे बिंदू मिळतात. ते जोडले की पाच घरे उजवीकडे आणि दोन घरे वर सरकलेला तोच त्रिकोण कागदावर उमटतो. बाजू त्याच, कोन तेच, क्षेत्रफळही तेच. बदलले ते केवळ स्थान. गणिताच्या पुस्तकांत या क्रियेला स्थानांतर असे नाव आहे आणि विद्यार्थी उदाहरण सोडवून वही मिटतो.

परंतु या साध्या क्रियेच्या पोटी एक विलक्षण प्रश्न दडलेला आहे. समजा, एखादा मनुष्य त्या त्रिकोणाच्या आतच राहतो, आणि त्याला फक्त त्रिकोणाच्या बाजू व कोन मोजता येतात. आपली आकृती मूळ जागेवर आहे की पाच घरे सरकलेली आहे, हे त्याला कसे कळावे? त्याने कितीही काळजीपूर्वक मोजले तरी ते कळणार नाही. जो दोष सर्व बिंदूंना सारख्याच प्रमाणात लागलेला असतो, तो त्या बिंदूंच्या परस्परसंबंधांत कोठेही दिसत नाही. भारताच्या नकाशाच्या बाबतीत एकोणिसावे शतक जवळजवळ संपेपर्यंत नेमके असेच घडले होते.

बिंदूचे स्थान दोन अंकांनी सांगण्याची कल्पना फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलात सुमारे आठ हजार स्थळांचे अक्षांश व रेखांश नोंदविले. भारतीय ज्योतिषांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा ही मध्यरेखा मानली आणि तिच्यापासून पूर्वेकडे वा पश्चिमेकडे असलेल्या अंतराला ‘देशांतर’ हे अर्थपूर्ण नाव दिले. हे देशांतर काढण्याची त्यांची रीतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चंद्रग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते. पण त्या क्षणी मध्यरेखेवरचा स्थानिक काळ एक असतो आणि आपल्या गावचा काळ दुसरा असतो. त्या दोन काळांतील फरक म्हणजेच त्या दोन स्थळांतील देशांतर. पूर्वपश्चिम अंतर हे वस्तुतः काळाचे अंतर आहे, हे तत्त्व सूर्यसिद्धान्तात स्पष्टपणे सांगितलेले आहे.

युरोपात सतराव्या शतकात या कल्पनेला बीजगणिताची जोड मिळाली. रने देकार्त याचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास तुलूझ येथील न्यायसभेत अधिकारपदावर काम करणाऱ्या प्येर द फेर्मा या गणितज्ञाने तशीच पद्धती स्वतंत्रपणे मांडली होती. त्याचे लेखन मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये छापले गेले. या दोघांच्या कामामुळे आकृती अंकांत मांडता येऊ लागली आणि अंकांची आकृती होऊ लागली. आकृती सरकविणे म्हणजे अंकांत बेरीज वा वजाबाकी करणे, इतके ते सोपे झाले. पुढे एका विशाल देशाची आकृती याच रीतीने अंकांत उतरविण्याचा उद्योग हिंदुस्थानात सुरू झाला.

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली आधाररेषा मोजावयास घेतली. साडेसात मैलांची ती रेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजण्यास ५७ दिवस लागले. एकदा ही एक बाजू अचूक मिळाली की पुढे साखळीचे काम फारसे उरत नाही. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील निशाणाकडे पाहून कोन मोजावयाचे. एक बाजू आणि दोन कोन यांवरून उरलेल्या बाजू गणिताने काढावयाच्या. मग त्यांतील एक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत लॅम्बटनचे पथक दक्षिण हिंदुस्थानभर फिरले. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती सापडले आणि मॉरिशसला नेले गेले. तेथून ते सन्मानपूर्वक परत आले. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढविताना दोर तुटून ते आदळले, तेव्हा त्याचे वाकलेले वर्तुळ लॅम्बटनने कित्येक आठवडे खपून स्वतः पूर्ववत् केले.

१८१८ मध्ये या कार्याला ‘महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा लॅम्बटनचा साहाय्यक म्हणून रुजू झाला. २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे जात असताना, वर्धा प्रदेशातील हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला आणि तेथेच त्याचे दफन करण्यात आले. एव्हरेस्टने ती त्रिकोणांची माळ उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. कन्याकुमारीपासून मसुरीच्या परिसरापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर पसरलेली ही माळ ‘महाचाप’ म्हणून प्रसिद्ध आहे. गंगायमुनेच्या सपाट प्रदेशात टेकड्या नव्हत्या, म्हणून तेथे उंच मनोरे बांधावे लागले. दिवसाच्या धुरकट हवेत निशाण दिसेना, म्हणून रात्री दिवे पेटवून कोन मोजावे लागले.

या आकृतीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. १८१९ मध्ये कृष्णा व गोदावरी यांच्या दरम्यानच्या अरण्यात एव्हरेस्टच्या पथकातील जवळजवळ प्रत्येकाला तापाने ग्रासले आणि कित्येक माणसे दगावली. खुद्द एव्हरेस्टची प्रकृती कायमची ढासळली. निशाण धरणारे, रान तोडणारे, यंत्रे डोंगरावर वाहून नेणारे खलाशी आणि हमाल यांची नावे मात्र नोंदीत क्वचितच सापडतात. १८३१ साली या खात्यात गणक म्हणून लागलेल्या आणि पुढे मुख्य गणकाच्या पदापर्यंत चढलेल्या राधानाथ सिकदर यांनी १८४३ मध्ये डेहराडून येथे एका गोऱ्या दंडाधिकाऱ्याला विरोध केला. खात्याच्या मजुरांना त्या अधिकाऱ्याने आपले सामान वाहण्यास बळजबरीने जुंपले होते. या विरोधाबद्दल शिक्षा झाली ती सिकदर यांना. त्यांना २०० रुपये दंड भरावा लागला. त्रिकोणांच्या कडा ज्यांच्या खांद्यांवरून पुढे सरकल्या, त्यांची बाजू घेणारा एक आवाज या प्रसंगामुळे तरी इतिहासात राहिला.

आकृतीची अचूकता मात्र वादातीत होती. मध्य भारतातील सिरोंजजवळ एक आधाररेषा मोजली होती, आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण सोडवीत सुमारे चारशे मैलांवरील डेहराडूनच्या आधाररेषेची लांबी गणिताने काढता येत होती. तीच डेहराडूनची रेषा प्रत्यक्ष भूमीवरही मोजण्यात आली. नव्या उपकरणांनी सिरोंजची रेषा पुन्हा मोजल्यानंतर, साडेसात मैलांच्या त्या अंतरात गणित आणि मोजणी यांतील फरक एका फुटाहूनही कमी भरला. ज्या आकृतीच्या अंगात एवढा नेटकेपणा आहे ती चुकली असेल, असा संशय कोणाला यावा?

तरीही ती चुकलेली होती. तिच्या आकारात चूक नव्हती. चूक होती ती तिच्या स्थानात.

याचे कारण अक्षांश आणि रेखांश यांच्या स्वभावातच आहे. अक्षांशासाठी कोणाकडे विचारणा करण्याची गरज नसते. विषुववृत्त आणि ध्रुव ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. ताऱ्याची उंची मोजली की आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत ते त्याच रात्री कळते. त्रिकोणांची माळ उत्तरदक्षिण दिशेने थोडी जरी सरकली असती तरी ताऱ्यांनी ती चूक लगेच दाखविली असती. रेखांशाला असा नैसर्गिक आरंभबिंदू नाही. तो मनुष्याने ठरवावयाचा असतो. मग तो उज्जयिनी असो वा ग्रीनिच. सबंध माळ पृथ्वीच्या अक्षाभोवती पूर्वेकडे किंचित फिरविली, तर तिचा एकही कोन बदलत नाही, एकही बाजू बदलत नाही आणि एकही अक्षांश बदलत नाही. पृथ्वीच्या गोलावर ही क्रिया परिभ्रमणाची आहे. अक्षांशरेखांशांच्या चौकटीवर तीच शुद्ध स्थानांतराची होते. प्रत्येक बिंदूच्या एका अंकात एकच संख्या मिळविली जाते, आणि दुसरा अंक जागच्या जागी राहतो.

त्यामुळे सबंध हिंदुस्थानचे रेखांश एकाच खुंटीवर टांगलेले होते. ती खुंटी म्हणजे मद्रासची वेधशाळा. ग्रीनिचच्या काळाशी तिचा काळ जुळविण्यासाठी त्या वेळी गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांचे वेध घेत असत. तत्त्व चंद्रग्रहणाच्या जुन्या रीतीचेच. पण उपग्रह सावलीत शिरताना एकदम विझत नाही, हळूहळू मंदावत जातो, आणि तो नेमका कोणत्या सेकंदाला दिसेनासा झाला हे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि दुर्बिणीच्या शक्तीवर अवलंबून राहते. अशा वेधांवरून मद्रासचे रेखांश ८०° १७′ २१″ असे प्रमाण मानण्यात आले. पुढे अधिक चांगले वेध घेतले गेले तेव्हा ते अडीच-तीन मिनिटांनी जास्त असावे अशी शंका बळावली. पण निर्णय करण्याचे साधन हाती नव्हते. हिंदुस्थानातील त्रिकोण पुनःपुन्हा मोजून तो होणारही नव्हता. त्यासाठी चौकटीबाहेरच्या जगाशी धागा जोडणे आवश्यक होते.

तो धागा तारायंत्राने जोडला. १८७० मध्ये सुएझ, एडन व मुंबई यांना समुद्रतळावरील तारेने जोडण्यात आले. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी ईजिप्तला गेलेल्या ब्रिटिश पथकाने ग्रीनिच ते सुएझ यांतील काळाचा फरक तारेने ठरविला होता. १८७६-७७ मध्ये कॅम्बेल आणि हेविसाइड या सर्वेक्षण अधिकाऱ्यांनी सुएझ, एडन व मुंबई या मार्गाने तो धागा हिंदुस्थानात आणला. पुढे १८९४ ते १८९६ या काळात बरार्ड आणि लेनॉक्स-कॉनिंगहॅम यांनी कराची, बुशहर, तेहरान आणि पॉट्सडॅम या दुसऱ्या मार्गाने त्याची पडताळणी केली.

या वेधांची रीत मोठी उद्बोधक आहे. दोन ठाण्यांवर दोन निरीक्षक तारे मध्यान्हरेषा ओलांडताना पाहून आपापली घड्याळे लावतात आणि मग तारेवरून एकमेकांना काळाची खूण पाठवितात. संदेशाला वाटेत थोडा वेळ लागतो, म्हणून तो दोन्ही दिशांनी पाठवून सरासरी काढतात. एवढ्याने भागत नाही. प्रत्येक निरीक्षकाला तारा पाहून हाताने खूण करण्यास काही अंशसेकंद लागतात, आणि ही ढिलाई प्रत्येकाची वेगळी, परंतु स्वतःपुरती ठरलेली असते. ती त्याच्या सर्व वेधांत सारखीच मिसळलेली असल्यामुळे त्याला स्वतःला कधीच दिसत नाही. म्हणून काम अर्धे झाले की दोघे निरीक्षक ठाण्यांची अदलाबदल करतात; मग एकाचा दोष दुसऱ्याच्या तुलनेने उघड होऊन गणितातून निघून जातो. देशाच्या नकाशात जो प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला होता, तोच येथे माणसाच्या हातात लहान प्रमाणावर घडत होता. आणि दोहोंवर उपाय एकच होता.

सर्व हिशेब पुरा झाल्यावर असे दिसून आले की, हिंदुस्थानच्या त्रिकोणमालेतील प्रत्येक रेखांशातून २′ २७.१८″ वजा केले पाहिजेत. काळाच्या मापाने हा फरक दहा सेकंदांहूनही कमी आहे. भूमीच्या मापाने मात्र तो मद्रासच्या अक्षांशावर सुमारे ४.४ किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर ४.३ किलोमीटर आणि श्रीनगरच्या अक्षांशावर ३.८ किलोमीटर भरतो. रेखांशांच्या रेषा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून कोन तोच असूनही अंतर उत्तरेकडे कमी होते. जी आकृती चारशे मैलांत एका फुटानेही ढळली नव्हती, ती सबंधच्या सबंध एक लीग दूर ठेवलेली होती.

१९०५ मध्ये ही दुरुस्ती स्वीकारण्यात आली. त्रिकोणमालेचा आरंभबिंदू म्हणून सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथील टेकडी मानलेली होती. तिचे रेखांश ७७° ४१′ ४४.७५″ होते, ते ७७° ३९′ १७.५७″ झाले, आणि तिच्यामागोमाग देशातील सर्व शिखरे, सर्व मनोरे, सर्व गावे तेवढीच पश्चिमेकडे सरकली. ही वजाबाकी वाटते तितकी किरकोळ नव्हती. नकाशाच्या पत्रकांच्या कडा अक्षांशरेखांशांच्या रेषांवर बेतलेल्या असतात. इंचास एक मैल या प्रमाणाच्या पत्रकावर हा फरक अडीच इंचांहून अधिक होतो. कडेजवळचे गाव एका पत्रकातून दुसऱ्या पत्रकात जाते. म्हणूनच जुन्या पत्रकांवर पुष्कळ वर्षे समासात टीप छापून काम भागविले जात होते, आणि नव्या नकाशामालेची आखणी सुरू होईपर्यंत मूळ अंकांना हात लावण्यात आला नव्हता. योगायोग असा की, १ जानेवारी १९०६ पासून ८२½° पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली आणि तोवर आगगाड्यांचे वेळापत्रक ज्या मद्रासच्या काळावर चालत होते, त्याचे महत्त्वही संपले.

परंतु या प्रसंगाची खरी शिकवण दुरुस्तीच्या सुलभतेत आहे. शंभर वर्षांचे काम पुन्हा करावे लागले नाही. एकही मनोरा नव्याने बांधावा लागला नाही. त्रिकोण परस्परांशी इमानाने बांधलेले होते, म्हणून एकाच वजाबाकीने सारा देश योग्य जागी आला. आकृती ढिली असती, दर जिल्ह्याची चूक वेगळी असती, तर कोणत्याही एका अंकाने ती सावरली नसती.

आकृती चुकून सरकते, तशी ती हेतुपुरस्सरही सरकविता येते. विसाव्या शतकात भारतीय नकाशांवर यार्डांची चौरस जाळी छापण्यात आली, तेव्हा देशाचे अनेक विभाग पाडून प्रत्येकाला स्वतःचा आरंभबिंदू देण्यात आला. हा बिंदू विभागाच्या मध्यभागी असल्यामुळे त्याच्या पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील स्थळांना ऋण अंक आले असते, आणि शिपायाने वा मोजणीदाराने घाईत चिन्ह विसरले असते तर अनर्थ झाला असता. म्हणून आरंभबिंदूलाच पूर्वेकडचे ३० लक्ष आणि उत्तरेकडचे १० लक्ष यार्ड बहाल करण्यात आले. सारी आकृती धन अंकांच्या प्रदेशात नेऊन ठेवण्याची ही युक्ती म्हणजे आलेखकागदावरचे तेच शालेय स्थानांतर होय.

यानंतरचे मोठे स्थानांतर आले ते एकविसाव्या शतकात. एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा जो लंबगोल गणिताने ठरविला, तो भारताच्या भूमीला चांगला चपखल बसे. पण कल्याणपूरच्या टेकडीवर टेकविलेल्या त्या लंबगोलाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नव्हते. देशाच्या आत राहून मोजणी करणाऱ्याला त्याची अडचण भासत नव्हती. कृत्रिम उपग्रह मात्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्राभोवती फिरतात आणि त्यांच्या साह्याने मिळणारे स्थान त्या केंद्रापासूनच मोजलेले असते. दोहोंची सांगड घालण्यासाठी भारत व नेपाळ यांकरिता जे प्रमाण अंक प्रसिद्ध झाले, ते तीन दिशांना अनुक्रमे २९५, ७३६ आणि २५७ मीटर असे आहेत. म्हणजे दोन केंद्रांतील अंतर सुमारे ८३० मीटर भरते. येथे आकृती कागदाच्या दोन दिशांऐवजी अवकाशाच्या तीन दिशांत सरकते, एवढाच भेद. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशामालेला ही जागतिक पद्धती लागू केली, आणि एव्हरेस्टच्या लंबगोलावर उभा असलेला भारताचा आकार पृथ्वीच्या केंद्राशी जोडला गेला.

अशा रीतीने हा नकाशा एकदा चूक सुधारण्यासाठी, एकदा सोयीसाठी आणि एकदा सबंध पृथ्वीशी नाते जोडण्यासाठी सरकला. प्रत्येक वेळी आतली मोजणी खरीच होती. तरीही ‘आपण कोठे आहोत’ या प्रश्नाचे उत्तर आतल्या मोजणीतून मिळाले नाही. ते एडनहून आलेल्या तारेने, पॉट्सडॅमच्या घड्याळाने आणि आकाशातील उपग्रहाने दिले. आपल्या आकाराची ओळख स्वतःच्या श्रमाने होते. आपल्या स्थानाची ओळख होण्यास दुसऱ्याशी पडताळा घ्यावा लागतो.

हिंगणघाटची माती लॅम्बटनच्या मृत्यूनंतर तिळभरही हललेली नाही. कागदावर मात्र त्याच्या विसाव्याची जागा १९०५ साली सव्वाचार किलोमीटर पश्चिमेकडे गेली आणि शतकानंतर पुन्हा नव्या अंकांनी लिहिली गेली. ज्याने या आकृतीची पहिली बाजू ५७ दिवस खपून मोजली, त्याच्या कामाला या दोन्ही स्थानांतरांनी बाध आणला नाही. उलट, इतकी मोठी आकृती अंगावर एकही सुरकुती न पडता जागची हलविता आली, याचे श्रेय त्याच्या, त्याच्यामागून आलेल्या गणकांच्या आणि नोंदीत नाव नसलेल्या त्या निशाणवाल्यांच्या चोख कामालाच द्यावे लागते.